पिकातली कडी : हवाई छायाचित्रांवरून प्रागैतिहासिक दफनस्थळे हुडकण्याच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४

पट्टा ठरला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सच्या काठाने खडीच्या जुन्या पायऱ्या, म्हणजे नदीने पूर्वी साचवलेल्या खडीचे पायरीसारखे सपाट पट्टे, आहेत. त्यांतले नकाशाच्या जाळीचे मोजके चौकोन घेतले. खडीत पाणी ठरत नाही. पावसाने ओढ दिली की पिकाला लवकर ताण बसतो आणि खाली बुजलेले चर वरून दिसू लागतात. शिवाय इथले हवाई फोटो, उंचीचा डेटा आणि जुने नकाशे घरबसल्या, बहुतांशी फुकट मिळतात. लॅपटॉपवर हे काम करून बघायचे असेल तर सरावाला यापेक्षा सोयीचा मुलूख मला सापडलेला नाही.

शोधायचे काय, तेही लिहून ठेवतो. कांस्ययुगातले गोल दफन-उंचवटे, ढोबळमानाने इ.स.पू. २२०० ते १५०० मधले. गोल चर खणायचा आणि निघालेली माती मध्ये रचायची, अशी ती रीत. शतकानुशतकांच्या नांगरटीत उंचवटे सपाट झाले, पण चर फाळाच्या खाली राहून गाळमातीने भरले. त्या भरावात ओल टिकते, म्हणून त्यावरचा गहू किंवा बार्ली जास्त उंच वाढते आणि उशिरापर्यंत हिरवी राहते. वरून दिसते ते गडद कडे. थडगे स्वतः क्वचितच दिसते. त्यामुळे या नोंदींत प्रत्येक दफनस्थळाच्या आधी ‘संभाव्य’ हा शब्द आहे असे समजावे.

१७ जानेवारी

सामान गोळा केले. क्यूजीआयएस (नकाशे हाताळायचे मोफत सॉफ्टवेअर), गूगल अर्थ प्रो (जुन्या चित्रांची पट्टी यात सरकवता येते), एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा १ मीटरचा लायडार (विमानातून लेसरने मोजलेली जमिनीची उंची), ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा भूस्तर नकाशा आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरचे ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे. त्या ग्रंथालयाच्या नावावर जाऊ नका, इंग्लंडचे नकाशेही तिथेच आहेत. खर्च शून्य, पण लायडारच्या फायलींनी डिस्क भरली. गरजेचे चौकोन सोडून बाकीचे तेव्हाच पुसायला हवे होते.

२१ जानेवारी

सगळी संध्याकाळ निर्देशांकांत, म्हणजे बिंदूची जागा सांगणाऱ्या आकड्यांत, गेली. गूगल अर्थमधून काढलेले बिंदू क्यूजीआयएसमध्ये उघडून त्यांना ‘ब्रिटिश नॅशनल ग्रिड’ (ब्रिटनची मीटरांत मोजणारी निर्देशांक-प्रणाली) नेमले, तर ते सिली बेटांच्या नैऋत्येला समुद्रात जाऊन पडले. प्रणाली नेमणे वेगळे आणि एका प्रणालीतून दुसरीत रूपांतर करणे वेगळे. गूगलचे बिंदू अक्षांश-रेखांशांत असतात. त्यांना तीच प्रणाली राहू द्यायची आणि मग रूपांतर करायचे.

ही चूक निदान लगेच दिसते. खरी घातक ती, जी दिसत नाही. रूपांतराचा प्रकार चुकीचा निवडला गेला तर बिंदू सुमारे १०० मीटर सरकतात आणि तरीही शेतातच पडतात. कडे सापडले असे वाटावे आणि ते शेजारच्या वावरात नोंदले जावे, अशी गत होते. ओएसटीएन१५ ही अचूक रूपांतरासाठीची जाळीची फाईल क्यूजीआयएसमध्ये बसवा. ती नसेल तर काही मीटरची चूक राहतेच.

आणखी एक. गूगलची वेगवेगळ्या वर्षांची चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. रस्त्याचा तिठा किंवा कोठाराचा कोपरा धरून प्रत्येक चित्राचे सरकणे आधी मोजावे आणि तक्त्यात लिहावे. पुढे हे कामी आले.

३ फेब्रुवारी

पहिली चाळणी झाली. ठरावीक मापावर (१:२०००) पट्ट्यापट्ट्याने सरकत जायचे आणि गोल दिसेल तिथे बिंदू टाकायचा, अशी पद्धत ठेवली. निकाल: नकाशा बिंदूंनी भरला. यातले बहुतेक बाद होणार हे टाकतानाच कळत होते. एकदा डोळ्याला गोलांची सवय लागली की झाडाची सावलीही कडे वाटू लागते.

त्यामुळे नियम घातला. एकाच तारखेच्या एकाच चित्रात दिसलेले कडे, कितीही देखणे असले तरी, ‘संशयित’ या रकान्याच्या वर (म्हणजे ‘संभाव्य’ किंवा ‘बळकट’ मध्ये) जाणार नाही. वर चढायचे तर दुसऱ्या वर्षाचे चित्र हवे, नाहीतर दुसऱ्या प्रकारचा पुरावा.

१० फेब्रुवारी

चित्रे सरसकट चाळण्यात अर्थ नाही. जानेवारीतल्या ओल्या शेतात काही दिसत नाही आणि कापणीनंतर तर नाहीच. पीकखुणांचा मोसम साधारण मेअखेर ते जुलै. तोही कोरड्या वर्षी. आता क्रम लावला: आधी २०१८ आणि २०२२ ची उन्हाळी चित्रे, बाकीची नंतर. अर्थात गूगल देईल तीच तारीख पदरात पडते. काही चौकोनांना २०१८ चा उन्हाळा मिळाला, काहींना नाही. जिथे मिळाला नाही तिथे ‘काही नाही’ असे लिहायचे नाही, ‘पाहिले गेले नाही’ असे लिहायचे. हे दोन वेगळे रकाने आहेत.

पीकही बघावे लागते. बार्ली सर्वांत बोलकी, गहू त्याच्या खालोखाल. तेलबियांच्या मोहरीत फारसे उमटत नाही. गवत एरवी गप्प असते, पण कडक अवर्षणात तेही करपून खुणा दाखवते. शुगरबीटच्या खुणा धान्यापेक्षा उशिरा येतात. कोणत्या शेतात कोणत्या वर्षी काय होते, हे कळायला ‘क्रोम’ नावाचा इंग्लंडचा सरकारी पीक-नकाशा आहे. षटकोनी घरांचा, खुला, दरवर्षीचा. या एका थराने माझे जितके काम वाचवले तितके दुसऱ्या कशानेही नाही.

१५ फेब्रुवारी

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांवरून हिरवेपणाचा निर्देशांक काढून कडी शोधण्याचा प्रयोग फसला. एक पिक्सेल १० मीटरचा, चर ३ मीटरचा. ३० मीटरचे कडे तिथे मोजके धुरकट चौकोन म्हणून येते. पण प्रयोग वाया गेला नाही. एखादे शेत नेमके कोणत्या आठवड्यात पिवळे पडू लागले, हे सेंटिनेलवरून छान कळते. खुणा सर्वांत ठळक असतात त्या याच संधीत, जेव्हा शेत पिवळे पडत असते आणि चरावरचे पीक अजून हिरवे असते. तेव्हा उपग्रहाकडून तारीख घ्यायची आणि खूण बघायची ती बारीक चित्रात.

२५ फेब्रुवारी

स्वतःची परीक्षा घेतली. हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा-संस्थेचा ‘एरियल आर्किऑलॉजी मॅपिंग एक्सप्लोरर’ आहे. तज्ज्ञांनी दशकांच्या छायाचित्रांवरून आखलेल्या खुणा त्यात थेट नकाशावर दिसतात. आधीच आखलेला एक भाग निवडला, त्यांचा थर बंद ठेवला, स्वतः आखणी केली आणि मग थर उघडला.

मोठी, जाड कडी मला सापडली होती. लहान आणि फिकी बरीच सुटली होती. त्यातही एक ठराविक गोष्ट सुटत होती: ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांना समांतर जाणारा कंसाचा भाग. डोळा त्याला चाकोरी समजून सोडून देतो. दोन बाजूंचे तुकडे दिसतात, पण ते एकाच कड्याचे आहेत हे लक्षात येत नाही. आता तुकडा दिसला की त्यावर वर्तुळ बसवून उरलेला भाग कुठे पडायला हवा ते बघतो. चाकोऱ्यांचा एक फायदाही आहे. त्या बहुधा १२, २४ किंवा ३६ मीटर अंतराने असतात. मोजून बघावे. २४ च्या जागी २१ आले तर चित्राचे माप गंडलेले आहे.

हा सराव पहिल्या दिवशी करायला हवा होता. पहिल्या चाळणीतले बिंदू पुन्हा तपासण्यात पुढचे काही आठवडे गेले.

९ मार्च

तोतयांची नोंद, म्हणजे दफनाच्या कड्यांसारख्या दिसणाऱ्या पण तशा नसलेल्या खुणांची. सर्वांत लांब नोंद हीच असणार, कारण सगळा वेळ इथेच जातो आहे.

अळंबीची कडी गवतात होतात आणि दरवर्षी बाहेर सरकतात. दोन वर्षांची चित्रे एकावर एक ठेवा, व्यास वाढलेला दिसला तर बाद. गुरांच्या चाऱ्याचे गोल कठडे जिथे ठेवतात तिथे तुडवलेल्या मातीचे कडे राहते. ते लहान असते, फाटकाजवळ असते आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे असते. गवताच्या गंज्यांचे ठसेही असेच, पण ते सहसा बांधाकडेला.

पवनचक्क्या जास्त फसव्या. मध्ययुगातल्या लाकडी खांबाच्या पवनचक्कीला मातीचा उंचवटा करायचे आणि भोवती चर असायचा. वरून अगदी दफन-उंचवट्यासारखे दिसते. फरक मध्ये: चक्कीच्या पायाच्या आडव्या तुळया जिथे गाडल्या होत्या तिथे फुलीचा आकार दिसतो. फुली दिसली नाही तर जुना नकाशा आणि शेताचे जुने नाव बघायचे. ‘मिल फील्ड’ असे नाव निघाले की हात आखडता घ्यायचा.

लोहयुगातल्या गोल घरांभोवतीचे पागोळीचे चर हाही तसाच प्रकार. घराचा चर अरुंद, व्यास साधारण ८ ते १५ मीटर आणि बहुधा पूर्वेला किंवा आग्नेयेला दाराची फट. दफनाचा चर त्याहून रुंद, बहुतेक वेळा अखंड आणि व्यास १० पासून ४० मीटरपर्यंत. १० ते १५ मध्ये दोघांची हद्द एकमेकांत घुसते. तिथे फट नीट दिसली नाही तर मी निवाडा करत नाही, दोन्ही शक्यता लिहितो. त्यातही अँग्लो-सॅक्सन काळातल्या लहान दफन-उंचवट्यांनाही गोल चर असतात. म्हणजे दफन असूनही ते प्रागैतिहासिक नसेल.

आणि खडीची स्वतःची खोड. हिमयुगाच्या थंडीत जमिनीला पडलेल्या भेगा पुढे बारीक मातीने भरल्या, त्या पिकात बहुभुजांच्या जाळ्यासारख्या उमटतात. त्या जाळ्याचे एखादेच घर स्पष्ट असेल तर ते हुबेहूब कडे वाटते. उपाय: झूम कमी करून आजूबाजूला पाहा. शेजारीही तसेच कोपरे निघाले तर ते माणसाचे काम नाही. एका शेतातले माझे झाडून सगळे बिंदू या एका कारणाने गेले.

तक्त्यात ‘का नाही’ असा रकाना वाढवला. बाद केलेला बिंदू पुसायचा नाही, कारणासह ठेवायचा. नाहीतर दोन महिन्यांनी तोच गोल पुन्हा सापडतो आणि पुन्हा तेवढाच आनंद होतो.

१६ मार्च

लायडारमध्ये अपेक्षेपेक्षा कमी मिळाले. नांगरून सपाट झालेल्या जागी उंचीचा फरक उरतच नाही, त्यामुळे पिकात ठळक दिसणारी कडी उंचीच्या नकाशात बहुतेक ठिकाणी गायब. रिलीफ व्हिज्युअलायझेशन टूलबॉक्स या सॉफ्टवेअरमधून वेगवेगळ्या छटा काढून पाहिल्या, फरक नाही. उपयोग झाला तो उलट बाजूने: नदीचे जुने प्रवाह आणि मध्ययुगीन नांगरटीचे वरंबे स्वच्छ दिसले, म्हणजे कुठे खुणा झाकल्या गेल्या असतील ते कळले.

छटा काढताना उजेड वायव्येकडून ठेवा. दक्षिणेकडून ठेवलात तर उंचवटा खड्डा वाटतो आणि खड्डा उंचवटा. उत्तर गोलार्धातल्या खऱ्या हवाई फोटोत ऊन दक्षिणेकडूनच येते, म्हणून लांब सावल्यांचा फोटो उलटा फिरवून पाहायची सवय लावून घेतली.

२३ मार्च

नदीलगतच्या सखल भागात एकही कडे नाही. भूस्तर नकाशा ठेवल्यावर कारण कळले: तिथे खडीवर पुराच्या गाळाचा जाड थर आहे. मुळे खालच्या चरापर्यंत पोचतच नाहीत. कडी पायरीच्या कडेला एकदम थांबतात, पण ही रेघ गाळाची आहे, दफनभूमीची नाही. अहवालात वितरणाचा नकाशा देणार असाल तर गाळाचा थर त्याच नकाशावर दाखवा.

२ एप्रिल

एकाने विचारले, हेच विदर्भात का करत नाहीस? प्रश्न रास्त आहे. पण नागपूरजवळच्या जुनापाणीसारखी शिळावर्तुळे मुळात दगडांची आहेत. ती चित्रात थेट दिसतात, पिकाची मध्यस्थी लागत नाही. आणि काळी माती ओल धरून ठेवते, फुगते, भेगाळते. चरावरच्या आणि शेजारच्या पिकात जो फरक खडीवर पडतो, तो तिथे पडेल या भरवशावर काम उभारता येणार नाही. तिकडे वेगळी पद्धत लागेल आणि त्या नोंदीही वेगळ्या.

७ एप्रिल

‘क-४’ हा माझ्या यादीतला बिंदू बाद. याचे वाईट वाटले. २०१८ च्या बार्लीत अखंड, गडद कडे, मध्ये ठिपका, म्हणजे पुस्तकात छापावे असे. ठिपका म्हणजे मधला खड्डा, म्हणजे कदाचित थडगे, इथवर मजल गेली होती.

मग गूगल अर्थची पट्टी मागे सरकवून १९४० च्या दशकातला उभा (विमानातून सरळ खाली घेतलेला) फोटो काढला (या चित्रांवर ‘१९४५’ अशी चिठ्ठी असते, ती नेमकी तारीख धरू नये). त्याच जागी गोल, पांढरट, ताजी उकरलेली माती आणि रस्त्यापासून तिथपर्यंत नवी पायवाट. प्राचीन चराकडे कोणी ताजी पायवाट पाडत नाही. बहुधा महायुद्धातली सर्चलाइटची जागा. अशा जागांना दफन-उंचवटे समजण्याचा घोळ पूर्वीही झालेला आहे. जुन्या नकाशावर तिथे काहीच नव्हते, कारण तो युद्धाच्या आधीचा. म्हणून जुना नकाशा एकटा पुरत नाही, १९४० नंतरचा फोटोही हवा.

१४ एप्रिल

क-४ च्या निमित्ताने वुडहेंज पुन्हा वाचले, तिथे उलट घडले होते. स्टोनहेंजजवळची ती जागा नांगरटीत झिजलेला मोठा दफन-उंचवटा आहे असे आधी समजत. डिसेंबर १९२५ मध्ये स्क्वाड्रन लीडर इन्सॉल यांनी विमानातून फोटो घेतला, तर आत ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. पुढच्या उन्हाळ्यात उभ्या पिकात त्या आणखी स्पष्ट झाल्या. मॉड कनिंग्टन यांनी १९२६ पासून केलेल्या उत्खननात ते लाकडी खांबांच्या खड्ड्यांचे सहा फेर निघाले. म्हणजे कड्याच्या आत काय आहे ते न बघता ‘गोल म्हणजे दफन’ म्हणणे जुने दुखणे आहे. आता प्रत्येक कड्याच्या आतला भाग वेगळा मोठा करून बघतो आणि चराला फटी किती, तेही मोजतो. समोरासमोर दोन रुंद फटी असतील तर ते हेंज (चर आणि बांधाने वेढलेले प्रागैतिहासिक गोल आवार) असण्याची शक्यता धरावी लागते.

२७ एप्रिल

तिरक्या फोटोंशी झटापट. विमानाच्या खिडकीतून घेतलेला तिरका फोटो नकाशावर बसवायचा तर दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू लागतात. सपाट जमिनीला चार बिंदूंवर काम भागते आणि क्यूजीआयएसमध्ये ‘प्रोजेक्टिव्ह’ प्रकार निवडावा लागतो. पहिल्यांदा सगळे बिंदू रस्त्याच्या बाजूला घेतले, कारण तिथेच कोपरे स्पष्ट होते. चूक किती ते सांगणारा आकडा लहान आला, म्हणून खूश. पण दुसऱ्या टोकाला कडे लंबगोल झाले आणि बांध भलतीकडे गेला. बिंदू कड्याच्या चारी बाजूंना हवेत, मग एखादा कमी स्पष्ट असला तरी चालेल. झाडाचा शेंडा कधीही घेऊ नये, बुंधा किंवा बांधांचा सांधा घ्यावा.

या भागातले तिरके फोटो म्हटले की मेजर ॲलन यांचे नाव येतेच. पेशाने अभियंते, स्वतःचे विमान, १९३० च्या दशकात ऑक्सफर्डच्या आसपास स्वतः विमान चालवता चालवता काढलेले फोटो. संग्रह ॲशमोलियन संग्रहालयात आहे. डॉर्चेस्टर-ऑन-थेम्सजवळची पुष्कळ स्मारके नंतर खडीच्या खाणींत गेली. आज तिथे गूगलवर पाणी दिसते. अशा ठिकाणी जुना फोटो आणि खाणीआधीचे उत्खनन एवढेच हाती उरते.

स्कॅन न झालेल्या फोटोंची चौकशी केली. उत्तराला आठवडे लागतात आणि प्रतींचे पैसे पडतात. ज्याला खरोखर गरज आहे अशाच बिंदूसाठी मागवावे, आणि ते पहिल्या महिन्यातच मागवून ठेवावे.

१२ मे

‘क-९’. पहिल्या चाळणीत ‘फालतू’ असा शेरा मारलेला बिंदू. २०१८ च्या बार्लीत बांधाला टेकलेला एक कंस, फिका, अर्ध्याहून कमी. बांधाच्या दक्षिणेला काहीच नाही. पीक-नकाशा पाहिला: त्या वर्षी दक्षिणेच्या शेतात मोहरी होती. म्हणजे तिथे काही नसल्याचा पुरावा नाही, ते शेत त्या वर्षी मुकेच होते.

२०२२ ला उलट. उत्तरेला गवत, दक्षिणेला गहू. आणि दक्षिणेच्या गव्हात, बांधाला टेकून, दुसरा कंस. दोन्ही चित्रे जशीच्या तशी एकावर ठेवली तर कंस जुळत नव्हते, टोके साडेतीन मीटरने चुकत होती. जानेवारीत मोजून ठेवलेले सरकणे वजा केले आणि दोन्ही टोके बांधाच्या आरपार एका रेषेत आली. उत्तरेच्या एकट्या कंसावर वर्तुळ बसवले तर व्यास २२ ही येत होता आणि ३३ ही. दोन्ही मिळून २७ मीटर, चराची रुंदी तीनच्या आसपास.

बांध १९ व्या शतकातल्या नकाशावरही आहे आणि कडे त्याला जुमानत नाही, दोन्ही अंगांना तितकेच पसरलेले आहे. १९४० च्या फोटोत तिथे उकरल्याची खूण नाही. पवनचक्कीचे नाव नाही. भेगांचे जाळे नाही. फटी नाहीत, निदान दिसणाऱ्या भागात. मधला भाग नेमका कुंपणाच्या झुडपांखाली, त्यामुळे खड्डा असला तरी दिसणार नाही. ‘संशयित’ वरून ‘संभाव्य’ वर नेला. ‘बळकट’ म्हणायला आत काय आहे ते दिसायला हवे.

हे सगळे चित्रांवरून. शेतावर जाण्याचा प्रश्नच नव्हता, आणि जे तिथे राहतात त्यांनीही मालकाच्या परवानगीशिवाय जाऊ नये.

१९ मे

त्या काउंटीच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट रेकॉर्डकडे (तिथल्या पुरातत्त्वीय स्थळांच्या नोंदवहीकडे) नोंद पाठवली. प्रत्येक बिंदूला: ग्रिड संदर्भ, चित्रांच्या तारखा, पीक, काय दिसते, काय दिसत नाही, मोजमाप, दुसरी कोणती शक्यता उरते. सोबत दोन्ही चित्रांचे तुकडे, एकदा रेघांशिवाय आणि एकदा रेघांसह. रेघा मारलेले चित्र एकटे पाठवू नये, कारण रेघ एकदा पाहिली की डोळ्याला खालची खूण स्वतंत्रपणे दिसत नाही. नेमके संदर्भ त्यांनाच दिले. इथे देत नाही, कारण रात्री धातुशोधक घेऊन शेतात शिरणारे लोकही अशा नोंदी वाचतात.

८ जून

उत्तर आले, सविस्तर आणि सौजन्याने. क-९ नवा नाही. १९३० च्या दशकातल्या एका हवाई फोटोवरून ‘अर्धवर्तुळाकार खूण’ अशी जुनी नोंद त्यांच्याकडे आहे, फक्त दक्षिणेच्या बाजूची. संदर्भ मात्र सहा आकडी. सहा आकडी संदर्भ म्हणजे १०० मीटरचा चौकोन, त्यामुळे त्यांचा बिंदू माझ्या कड्यापासून ८० मीटर लांब, पलीकडच्या वावरात पडला होता. ज्ञात नोंदी गाळताना मी ५० मीटरचे अंतर ठेवले होते, म्हणून तो चाळणीतून निसटला. उत्तरेचा कंस आणि नेमकी जागा त्यांच्या नोंदीत आता जोडली जाईल.

५० ऐवजी १५० मीटर ठेवून सगळी यादी पुन्हा चालवली. मी ‘नवी’ म्हणून ठेवलेली आणखी काही कडी जुन्या नोंदींना जाऊन मिळाली. यादी आखडली, पण जुळलेल्यांची जागा सुधारून देता येईल. १९७० च्या आधीच्या प्रत्येक नोंदीचा संदर्भ किती आकडी आहे ते आता वेगळ्या रकान्यात लिहितो आहे, आणि सहा आकडी असेल तर बिंदूऐवजी चौकोन काढतो.

१५ जून

उरलेल्या संशयितांसमोर, तो वर चढायला नेमके काय लागेल ते लिहिले. क-२ ला १९४० च्या दशकातला फोटो हवा, तो मागवला आहे. क-६ मध्ये फट आहे की चाकोरी, हे ठरवायला चाकोऱ्या वेगळ्या दिशेने असलेल्या वर्षाचे चित्र हवे. क-११ गवताखाली आहे, तिथे धान्य पेरले जाईपर्यंत किंवा गवत करपण्याइतका कोरडा उन्हाळा येईपर्यंत काही करता येणार नाही. क-१३ आणि क-१४ एकमेकांना खेटून आहेत आणि ओळीत तिसरे निघायला जागा आहे, पण ती जागा आज कोठाराच्या फरशीखाली गेलेली आहे.